मेव्हण्याची दाढी

दाजींचं घर मेव्हण्याच्या दाढीवर चालत होतं, आणि हे मेव्हण्याला पुरतं ठाऊक होतं, हीच खरी अडचण होती.

तसे दाजी कुणाच्या उपकाराखाली राहणारे नव्हते. रस्त्यात बंद पडलेली गाडी जागेवर चालू करून द्यायची, हा त्यांचा धंदा. स्वतःची जुनी व्हॅन, मागे बॅटऱ्या, जॅक, केबल, पान्यांची पेटी. पूर्वी मोठ्या रस्त्याच्या कडेला पाटी टेकवून उभं राहिलं की कुणी ना कुणी हात करायचं. मग ॲप आलं. विमा कंपन्या, टॅक्सीवाले, गाड्यांचे शोरूमवाले सगळे आपली कामं त्या ॲपवर टाकायला लागले आणि पाटीकडे बघणारं कुणी उरलं नाही. दाजींनीही खातं उघडलं. चाललं होतं बरं. पण एका गिऱ्हाइकाने 'इंजिन बसलंय' म्हणून बोलावलं आणि दाजींनी पाहिलं तर टाकीत पेट्रोलचा थेंब नाही. दाजी हसले. नुसते हसले असते तरी चाललं असतं. ते त्या माणसाच्या बायकोसमोर, पोट धरून हसले. माणसाने तिथल्या तिथे एक तारा दिला आणि 'वागणूक अपमानास्पद' असं लिहिलं. खातं बंद. दाजींनी मदत केंद्राला लिहून लिहून बोटं झिजवली. उत्तर दर वेळी एकच: आपलं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे.

तेव्हा बायकोने तोड काढली. तिचा धाकटा भाऊ कधीतरी महिनाभर दाजींच्या हाताखाली होता. त्याने हौसेने स्वतःचं खातं काढलं होतं. पण या कामात पाठ जमिनीला लावावी लागते, हे कळल्यावर हौस फिटली. खातं मात्र तसंच पडून होतं.

"त्याच्या खात्यावर तुम्ही काम करा," बायको म्हणाली. "इतकी वर्षं माझ्या भावाला 'राजे' म्हणून हिणवलंत ना? आता घाला राजांना मुजरा."

ॲप काही दुधखुळं नव्हतं. मनात येईल तेव्हा ते मधेच फोनवर चौकट उघडायचं: चेहरा दाखवा. पाच मिनिटांत खातेदाराचा चेहरा दिसला नाही की खातं कायमचं बंद. म्हणून राजे रोज व्हॅनमध्ये शेजारी बसू लागले. सीट मागे पाडून, पाय डॅशबोर्डवर, कानात गाणी. दाजी गाडीखाली घुसायचे आणि राजे डबा उघडून आधी दाजींची भाजी संपवायचे. दाजी बोलणार काय? उलट सकाळी पहिलं वाक्य म्हणजे, "राजे, चहा?" आणि दुसरं, "दाढीला हात लावू नका हं." कारण खात्यावरच्या फोटोत भरघोस काळी दाढी होती. दाजींनी स्वतःच्या व्हॅनला कधी एवढं जपलं नव्हतं.

आणि त्या सकाळी राजे जिन्यावरून खाली आले ते सोललेल्या बटाट्यासारखे.

दाजी व्हॅनच्या पायरीवर मटकन बसले.

"हे काय केलंस?" 'राजे' आणि 'तुम्ही' दोन्ही एकदम गेले.

"दाजी, नोकरी लागली. चष्म्याच्या दुकानात. आज दुपारपासून."

"मग दाढीने काय घोडं मारलं होतं?"

"मालक म्हणाले, गिऱ्हाइकाच्या नाकाशी नाक नेऊन चष्मा बसवायचा असतो. दाढी चालणार नाही." तो गुळगुळीत गालावरून हात फिरवत म्हणाला, "रात्री सांगणार होतो. ताई म्हणाली, सकाळीच सांग, निदान झोपू दे त्यांना."

म्हणजे बायकोलाही ठाऊक होतं. दाजींना आठवलं, काल तिने न मागता दुसऱ्यांदा वाढलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. काम. गोदामांच्या रस्त्याला गाडी बंद. नाही म्हणावं तर आधीच दोन कामं नाकारलेली. तिसऱ्याला ॲप डोळे वटारतं. दाजींनी 'स्वीकारा' दाबलं आणि मेव्हण्याकडे पाहिलं.

"दुपारपर्यंत आहे मी," तो म्हणाला आणि मुकाट्याने शेजारी चढला. आज पाय डॅशबोर्डवर नव्हते.

गोदामाच्या भिंतीला लागून एक बाई गाडीचं बॉनेट उघडून उभ्या होत्या. दाजींनी 'पोहोचलो' दाबलं आणि देवाने ठरवल्यासारखी चौकट उघडली: चेहरा दाखवा.

राजांनी चेहरा दाखवला. लाल फुली. चेहरा जुळत नाही. दोन प्रयत्न शिल्लक. दाजींनी व्हॅन सावलीत घेतली, फोनची काच शर्टाने पुसली, राजांना खाली उतरवून हनुवटी झुकवायला लावली. लाल फुली.

"दाढीच शोधत असेल ते," राजे पुटपुटले.

मग दाजींची नजर पान्यांच्या पेटीशेजारच्या ग्रीसच्या डब्यावर गेली. राजांची नजरही तिथेच गेली आणि ते दोन पावलं मागे सरकले.

"नाही हं दाजी! मला दुपारी कामावर जायचंय!"

"केरोसीनने निघतं. मी काढून देतो. राजे, पाया पडतो तुझ्या."

दाजी खरोखरच वाकले. राजांनी त्यांना खांद्याला धरून उभं केलं आणि डोळे मिटून हनुवटी पुढे केली.

दाजींनी अंगठ्याने ग्रीस लावायला घेतलं. कानापासून गालाच्या कडेने, मिशीच्या जागी जरा दाट, ओठाखाली बारीक. इतक्या हळुवारपणे त्यांनी बेअरिंगलाही कधी ग्रीस लावलं नसेल. बाई बॉनेट सोडून इकडेच बघत होत्या.

"आधी नाटक आहे, की आधी गाडी बघणार?" त्यांनी विचारलं.

"दोनच मिनिटं, ताई."

"सावकाश होऊ द्या. मला फक्त उशीर होतोय."

चेहरा दाखवा. डावीकडे वळा. उजवीकडे वळा. आणि शेवटी: हसा.

राजांना हसू येईना. ओठ फाकले, पण ते दात दुखत असल्यासारखे. चौकटीवरचे आकडे उलटे पळत होते.

"हस की रे!" दाजी रडवेले झाले. "अरे, तो टाकीत थेंब नसलेला आठव. ऐटीत सांगत होता, इंजिन बसलंय, तज्ज्ञ बोलवा. आणि त्याची बायको म्हणते, अहो, मी कालच म्हटलं नव्हतं का भरा म्हणून..."

राजे फसकन हसले. ज्या हसण्याने दाजींचं खातं गेलं होतं, त्याच हसण्याने हे वाचलं. हिरवी खूण आली. खाली एक ओळ: तुमचा नवा चेहरा नोंदवला आहे.

दाजींनी ती ओळ दोनदा वाचली. यापुढे ॲपला तोच चेहरा हवा होता, ग्रीसचा.

बाईंची गाडी केबल लावताच सुरू झाली. जाताना त्या म्हणाल्या, "काम चांगलं करता. पण त्या पोराचं तोंड धुवा आधी."

दाजींनी केरोसीनचा बोळा घेऊन राजांची हनुवटी घासून लख्ख केली आणि व्हॅनमधूनच त्यांना चष्म्याच्या दुकानापाशी सोडलं. तिथेच त्यांना युक्ती सुचली. दुकानाच्या आसपासचीच कामं घ्यायची. चौकट उघडली की धावत यायचं, राजांना बाहेर काढायचं, शेजारच्या बोळात नेऊन हनुवटी काळी करायची, पुन्हा पुसायची. बुडणारा माणूस जसा मनाशी पोहण्याचा हिशेब मांडतो, तसा हा हिशेब होता. पण मांडला.

दोन कामं सुखरूप पार पडली. तिसऱ्याला, पलीकडच्याच गल्लीत टायर बदलायला गेले आणि चौकट उघडली.

दाजी एका हातात फोन, दुसऱ्या हातात ग्रीसचा डबा घेऊन पळत सुटले. दुकानाच्या काचेसमोर येऊन थांबले ते धापा टाकत.

आत राजे एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या नाकावर चष्मा बसवत होते. दोन्ही हातांच्या बोटांनी कानामागच्या काड्या सावरत, मान कलती करून बघत. दाजींनी त्यांना आजवर कुठल्याही कामात एवढं बुडालेलं पाहिलं नव्हतं. गृहस्थांनी समोरच्या आरशात पाहिलं आणि काहीतरी बोलले, राजे हसले. मागे गल्ल्यावर मालक बसले होते, तेही मान डोलावत होते.

मग राजांनी वर पाहिलं. मालकांनीही.

दाजींचा डब्याचा हात आपोआप पाठीमागे गेला.

राजे दारापर्यंत आले. दार अर्धं उघडलं. "काय दाजी?"

"काही नाही. इकडनंच चाललो होतो."

"फोन वाजतोय तुमचा."

"वाजू दे. चहा घेतलास का?"

राजांनी त्यांच्या पाठीमागे बघायचा प्रयत्न केला. चेहरा उतरला. "दाजी, आणा तो. मालकांना सांगतो मी काहीतरी."

"पहिल्याच दिवशी काय सांगणार आहेस? तोंड काळं करून येतो म्हणून?" दाजी हसले. "जा. आजोबा ताटकळलेत. एक काडी वाकडी बसलीये त्यांची, डावीकडची."

राजे उभेच राहिले. आतून मालकांनी हाक मारली. ते गेले, आधी आजोबांची डावी काडी नीट केली, मग काचेबाहेर पाहिलं. दाजींनी अंगठा वर केला. अंगठा काळा होता.

व्हॅनमध्ये येऊन बसेपर्यंत फोन गप्प झाला होता. पडद्यावर काय लिहिलंय ते दाजींनी वाचलं नाही. उतरून टायरवाल्या गिऱ्हाइकाचा टायर मात्र त्यांनी बदलून दिला आणि त्याने किती पैसे झाले विचारलं तेव्हा 'ॲपवर बघा' म्हणून परत आले. ॲपवर आता बघण्यासारखं काही नव्हतं.

मग त्यांनी बायकोला फोन लावला.

"राजांना दुकान शोभतंय," ते म्हणाले. "अगदी जन्मल्यापासून चष्मेच विकतोय असा उभा आहे."

"आणि तुमचं?"

दाजी बोळ्याने अंगठा पुसत होते. नखाच्या कडेचं ग्रीस निघत नव्हतं.

"अहो? ऐकताय ना? जेवायला कधी येणार?"

"येतो," दाजी म्हणाले. "आज लवकरच येतो."