चौथी चौकट

बायकोने टेबलावरून हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं. माझ्या दुसऱ्या हातात चहाचा कप होता, तो तसाच अधांतरी राहिला. आमच्या घरात असं कोणी कोणाचं मनगट धरत नाही. ताप आला तर कपाळाला हात लावतात, तेवढाच काय तो स्पर्श.

“सतरा वर्षं लागली तुम्हाला,” ती म्हणाली. “पण लिहिलंत.”

तिच्यासमोर शनिवारची पुरवणी उघडी होती. तिचे डोळे ओले होते आणि ती हसत होती. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं दाखले टाइप करणारी बाई आहे ती, ऊठसूट रडणारी नव्हे. मी कप खाली ठेवला आणि पेपर माझ्याकडे फिरवला.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. आणि दर शनिवारी आमच्या पेपरात दीडशे शब्द लिहितो. सदराचं नाव ‘चार चौकटी’. वाचकाने एक प्रश्न विचारायचा आणि पुजारी, मौलवी, फादर आणि मी, अशा चौघांनी उत्तर द्यायचं. मला त्यात घेतलं ते एका भांडणामुळे. पेपरचे संपादक एकदा त्यांच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये दीड तास अडकले होते. मी त्यांना बाहेर काढलं तेव्हा ते घाम पुसत म्हणाले, देवानेच वाचवलं. मी म्हणालो, देवाने नाही, मी वाचवलं, इथे सही करा. त्यांनी सही केली आणि पुढच्या महिन्यात मला लिहायला बोलावलं. या गोष्टीला सहा वर्षं झाली. पुजारीबुवा भेटले की अजून टोमणा मारतात, “जन्मभर लोकांना वर नेतोस आणि वर काहीच नाही म्हणतोस.”

या आठवड्याचा प्रश्न एका ओळीचा होता. गेलेलं माणूस पुन्हा भेटतं का? खाली ‘एक वाचक’ एवढीच सही.

माझ्या फोटोखाली छापलं होतं: “होय, भेटतं. तुमचं माणूस तिथे तुमची वाट पाहत आहे आणि त्याला त्या वाट पाहण्याचा कंटाळा येत नाही. तुम्ही पोचाल तेव्हा पहिली हाक तेच मारेल.” पुढेही बरंच होतं, एकाहून एक गोड.

मी तीनदा वाचलं. यातलं एकही अक्षर माझं नव्हतं. शेजारच्या चौकटीत फादरांचा हसरा फोटो होता आणि त्याखाली माझा मजकूर, शब्दन् शब्द माझा.

“फादरना आज काय झालंय कोण जाणे,” बायको म्हणाली. ती माझ्या नजरेमागोमाग तिथे पोचली होती. “किती कोरडं लिहिलंय. म्हणे भेटीची आशा दाखवणारा तुम्हाला फसवत असतो. घरातलं लेकरू गेलेल्या माणसाला असं कोणी लिहितं का?”

ती उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली आणि मोरीत कपडे भिजवायला लागली. काहीतरी गुणगुणत होती. घरात तिचं गुणगुणणं मी किती वर्षांनी ऐकत होतो याचा हिशोब करायची माझी हिंमत झाली नाही.

आमची मुलगी आठ वर्षांची होती. साध्या तापाचं निमित्त झालं, अकरा दिवस हॉस्पिटल, आणि बाराव्या दिवशी दुपारी संपलं. त्यानंतर आम्ही दोघं राहिलो, नोकऱ्या केल्या, घराला दोनदा रंग दिला. तिच्याबद्दल बोललो नाही. बायको कधीमधी सुरुवात करायची, मग मला कुठली तरी लिफ्ट आठवायची.

मी फोन घेऊन जिन्यात गेलो आणि पुरवणी सांभाळणाऱ्या बाईंना लावला.

“काका, मी तुम्हालाच करणार होते,” त्या म्हणाल्या. आवाज रडवेला होता. “माझंच चुकलं. पान लावणारा रजेवर होता, मी स्वतः लावलं.”

घोटाळा कसा झाला ते ऐकल्यावर मला हसावं की रडावं कळेना. सदर सुरू झालं तेव्हा वरच्या ओळीत कोण आणि खालच्या ओळीत कोण यावरून भांडणं झाली होती. सगळी देवाची माणसं, पण खाली बसायला कोणी तयार नाही. शेवटी असं ठरलं की दर शनिवारी वरचे दोघे खाली यायचे आणि खालचे दोघे वर जायचे. मला कुठेही बसवा म्हणालो होतो, म्हणून मी चौथ्या चौकटीत फादरांचा शेजारी झालो. बाईंनी दोन्ही ओळींचे मजकूर बरोबर हलवले. फोटो हलवताना मात्र फादरांचा आणि माझा एकमेकांच्या चौकटीत पडले, आणि नावं फोटोलाच चिकटलेली असतात.

“सोमवारी पहिल्या पानावर चूकदुरुस्ती देतोय,” बाई म्हणाल्या. “फादरांचे तर सकाळपासून सात फोन झाले.”

आठवा मला आला.

“अरे, माझ्या तोंडून तू काय काय वदवलंस,” फादर म्हणाले. ते सत्तरीचे आहेत, मला एकेरीच बोलतात. “सकाळी प्रार्थनेला आलेली एक म्हातारी माझ्याकडे बघून घरी परत गेली. दुसरा एक म्हणाला, फादर, पटलं नाही, पण आज पहिल्यांदाच मुद्द्याचं बोललात.”

मी हसलो नाही. ते त्यांना कळलं. “काय झालं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. बायकोने वाचलं, तिला ते माझं वाटलं, आणि ती आत गाणं म्हणते आहे. मुलीचं त्यांना माहीत होतं.

“दुरुस्ती पुढच्या शनिवारपर्यंत थांबवायला सांगू का?” ते म्हणाले. “माझं काय, लोक आठवडाभर मला शिव्या घालतील. सवय आहे.”

हा माणूस सहा वर्षं माझ्याशी भांडतो आहे आणि माझ्यासाठी आठवडाभर नास्तिक व्हायला निघाला होता. पण थांबवून काय होणार होतं? आठवडाभर माझ्या बायकोने एका परक्या माणसाच्या शब्दांवर माझ्याशी हसून बोलायचं आणि मी ते हसू खिशात घालायचं. सहा वर्षं मी लोकांना दीडशे शब्दांत खरं बोलायला शिकवत होतो.

“नको,” मी म्हणालो. “सोमवारीच छापू दे. मी आत जाऊन सांगतो.”

“सांभाळून सांग,” फादर म्हणाले. “आणि देवाची साक्ष काढू नकोस, तुला जमणार नाही.”

मी आत गेलो तेव्हा ती टेबलापाशी परत येऊन बसली होती. पुरवणीची घडी घालून ती हाताखाली ठेवली होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, कारण बसलो असतो तर सांगवलं नसतं. फोटो बदलले. ते गोड लिहिलेलं फादरांचं आहे. ते कोरडं लिहिलेलं माझं.

तिचा चेहरा पडला नाही, उलट एकदम शांत झाला, आणि त्याने मी जास्त हादरलो.

“शंका आली होती मला,” ती म्हणाली. “फादर कसे असं लिहितील? पण मी म्हटलं, आता तपासायला नको. एक सकाळ तरी राहू दे.”

“मला माफ कर.”

“कशाबद्दल? तुम्ही नेहमी लिहिता तेच लिहिलंत.” तिने घडी उलगडली, पुन्हा घातली. “प्रश्न मी पाठवला होता.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा मी समोरच्या खुर्चीत बसलो. आमच्याच घरातून, माझ्याच बायकोने, माझ्याच पेपरला पत्र टाकलं होतं. आणि मी त्यावर दीडशे शब्द लिहिले होते, एकशे अठ्ठेचाळीस खरं तर, दुपारच्या सुट्टीत, लिफ्टच्या मोटारच्या खोलीत पालथ्या बादलीवर बसून, पंधरा मिनिटांत. लिहून झाल्यावर बरं जमलं असंही वाटलं होतं.

“घरात का नाही विचारलंस?”

“घरात विचारलं की तुम्ही उठून कामाला जाता.”

ती रागावलेली नव्हती, बाहेर ऊन आहे असं सांगावं तसं तिने ते सांगितलं.

“आता विचारू?” ती म्हणाली.

“विचार. पण मी खोटं नाही सांगणार. भेट होते असं मी नाही म्हणू शकत.”

“ते नाहीच विचारायचं मला. भेट होते की नाही ते मेल्यावर माझं मी बघीन.” तिने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. “त्या दुपारी मी नव्हते. तुम्ही होतात. ती काय म्हणाली?”

बरोबर आहे, ती नव्हती. अकरा दिवस ती मुलीच्या उशापासून हलली नव्हती, आणि बाराव्या दिवशी मीच हट्टाने तिला घरी पाठवलं होतं, आंघोळ करून दोन तास झोपून ये म्हणून. सतरा वर्षांत तिने हे मला एकदाही ऐकवलं नाही. मला वाटायचं, ती विसरली किंवा तिने सोडून दिलं.

मी दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

“तिने तुला विचारलं,” मी म्हणालो. “आई कुठे आहे म्हणाली.”

“मग?”

“मी सांगितलं, आई आली. गेटपाशी पोचलीय, आत येतेच आहे.”

मी तिथेच थांबलो असतो, पण आता थांबता येईना. “तू घरी झोपलेली होतीस. मला माहीत होतं. तिने परत विचारलं, मी परत तेच सांगितलं. आता पायऱ्या चढतेय म्हणालो. आता आपल्या मजल्यावर आली म्हणालो. ती दाराकडे बघत राहिली. शेवटपर्यंत दाराकडेच बघत होती. मी तिला फसवलं. जगाला खरं बोला म्हणून सांगतो मी, आणि स्वतःच्या पोरीला शेवटची दहा मिनिटं नुसतं खोटं सांगत होतो. हे तुला कुठल्या तोंडाने सांगणार होतो?”

मी रडत होतो. हॉस्पिटलात रडलो नव्हतो, नंतरही नाही, त्यामुळे ते कसं आवरायचं हे मला माहीत नव्हतं. बायको रडत नव्हती. तिची नजर माझ्यावरून सरकून आमच्या बंद दारावर गेली होती.

“म्हणजे तिला वाटत होतं मी येतेय,” ती म्हणाली.

“हो.”

“घाबरली होती?”

“नाही. वाट बघत होती.”

“मला वाटायचं, आई सोडून गेली असं वाटून ती गेली.” तिचा आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं. “सतरा वर्षं मला तेच वाटत होतं. तुम्ही बोलत नव्हतात, म्हणून तेच असणार असं वाटायचं.”

मी माझं खोटं लपवत बसलो होतो आणि इकडे ती रोज ऑफिसला जात होती, दाखले टाइप करत होती, हे मनात घेऊन.

ती उठली. मोरीत जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं आणि परत आली. या वेळी समोर न बसता खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.

“बरं केलंत, तिला तसं सांगितलंत,” ती म्हणाली. “आता परत सांगा. मी घरी जायला निघाले तिथपासून.”

मी नाक पुसलं आणि तिथपासून सांगायला लागलो.