शिशाचा कोट

शिंप्याची पँट कमरेवरून घसरायला लागली, तेव्हा घरात आधी आनंदीआनंद झाला आणि पाठोपाठ नवरा-बायको दोघांचं धाबं दणाणलं. आनंद अशासाठी, की आठवड्याला टोचायचं नवं इंजेक्शन लागू पडत होतं. वजन उतरलं होतं, साखर ताळ्यावर आली होती. धाबं अशासाठी, की इंजेक्शनचा खर्च विमा कंपनी करायची, आणि तिचा नियम असा, की मधुमेही माणसाचं वजन ठरलेल्या रेषेच्या वर असेल तरच औषध द्यायचं. रेषेखाली गेलं की बंद. म्हणजे औषधानं काम करावं, पण करताना कुणाला दिसू नये!

इंजेक्शन नव्हतं तेव्हाचे दिवस शिंपी विसरला नव्हता. एकदा तळव्यात सुई घुसली आणि हा गडी तसाच मशीनचं पायडल मारत राहिला, कारण पायाला काही कळतच नव्हतं. फरशीवरचं रक्त बायकोला दिसलं. पुढे जखम चिघळली आणि पायाचं एक बोट कापावं लागलं. आता कुठे त्या पायाला थोडं थोडं कळायला लागलं होतं. सकाळी फरशी गार लागली की तो बायकोला हाक मारून सांगायचा, जणू गारवा त्यानंच विकत आणला होता.

कंपनीनं वजनाला बोलावलं.

"अहो, भरपूर पाणी पिऊन जा," बायको म्हणाली.

"अगं, रेषेपर्यंत जायचं तर विहीर प्यावी लागेल मला."

मग त्याचं लक्ष दुकानातल्या शिशाच्या चकत्यांकडे गेलं. पडदे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्या काठात शिवतात, त्या. त्यानं आपला जुना कोट उसवला आणि अस्तराच्या आत चकत्या शिवत सुटला. हिशेबानं हव्या तेवढ्या झाल्या, तरी हात थांबेना. शिंपी कितीही मापात शिवो, शिवणीच्या आत थोडी जादा कापडाची माया ठेवतोच. गिऱ्हाईक कधी सुटेल, काय सांगावं? हात सवयीचा गुलाम. त्यानं आणखी चार मुठी चकत्या शिवल्या. असू दे जादा, कमी पडायला नको.

कंपनीच्या कार्यालयात तो जिना चढला तो कठड्याला धरून, धापा टाकत. पाहणाऱ्याला वाटावं, औषधाची खरी गरज याच माणसाला. बायकोला बाहेरच्या बाकावर बसवून तो आत गेला. कपडे काढायला लावणं सभ्यपणाचं नाही, म्हणून कंपनी कपड्यांसकटच वजन करायची. तो काट्यावर उभा राहिला. तपासणाऱ्या मॅडमनी आकडा पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला.

"काका, हे तर सुरुवातीला होतं त्याच्याहून वाढलंय!"

शिंप्याचा चेहरा खुलला. "म्हणजे औषध मिळेल ना?"

"कसं मिळेल? एवढी इंजेक्शनं घेऊन वजन वाढलं, म्हणजे तुम्हाला त्याचा उपयोग नाही. उपयोग नसलेल्या औषधाला कंपनी पैसे देत नाही. बंद."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा! आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यानं कोट काढून खाली टाकला. फरशी हादरली आणि मॅडमच्या कपातला चहा बशीत सांडला. मान खाली घालून तो पुन्हा काट्यावर चढला. आता आपल्याला हाकलणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.

पण मॅडम हरखल्या. "अय्या, किती छान उतरलंय हो! अभिनंदन, काका!"

"म्हणजे औषध लागू पडतंय," तो आशेनं म्हणाला.

"पडतंय काय, पडलं! काम झालं. बंद."

"अहो मॅडम, कोट घालून बंद आणि काढूनही बंद?"

"हो, पण कारणं वेगळी. कुठलं लिहू?" गिऱ्हाइकाला तो बटणं काळी लावू की तपकिरी असं विचारायचा, तितक्याच अदबीनं त्यांनी विचारलं.

ज्या औषधानं पाय परत दिला, त्याला निरुपयोगी म्हणायला त्याची जीभ रेटेना.

"बरा झालो लिहा," तो म्हणाला. "आणि बंद केल्यावर पुन्हा वाढलं तर?"

"मग खुशाल या. मागच्या वेळेइतकं बिघडलं, की लगेच मंजूर."

"मागच्या वेळी माझं बोट गेलं होतं."

"म्हणून तर लगेच झालं!" मॅडम मनापासून हसल्या. त्याला इतका संताप आला की कोट उचलून काट्यावर आदळावासा वाटला. पण तो उचलायचं बळ उरलं नव्हतं. कोट तिथेच टाकून तो बाहेर आला.

बायको ताडकन उठली. "काय म्हणाल्या?"

"बरा झालो म्हणाल्या."

ती मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. रांगेतली माणसं गोळा झाली. काय झालं, काय झालं, म्हणून विचारू लागली.

"हे बरे झाले हो!" ती कशीबशी म्हणाली.

कुणीही हसलं नाही. शेजारच्या म्हातारीनं तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला.

"असा धीर सोडू नये, पोरी. होतील हो ते पुन्हा आजारी."