अंशतः खरे आहे

सोमवारी विधानसभेत मी "हे अंशतः खरे आहे" असे उत्तर दिले आणि मंगळवारी हिरडपाड्याची सर्व मुले कमरेपर्यंतच उरली.

प्रश्न असा होता : विहिरीच्या पाण्यातील फ्लोराइडमुळे हिरडपाड्यातील मुलांचे पाय वाकले आहेत, हे खरे आहे काय? ते पूर्णतः खरे होते. मंत्री होण्यापूर्वी मी रसायनशास्त्र शिकवीत असे. पाणीपुरवठा खाते मिळाल्यावर त्या विहिरीचा नमुना मी स्वतः तपासला होता. मंत्रिमंडळाच्या बैठकीत निष्कर्षही सांगितला होता.

"सर, इथे भांडा हवे तितके," मुख्यमंत्री म्हणाले होते. "दाराबाहेर आपल्या सगळ्यांना एकच तोंड. पटत नसेल तर राजीनामा."

मी राजीनामा दिला नाही.

बुधवारी हिरडपाड्याची बुधीबाई मुलीला घेऊन बंगल्यावर आली. मुलीला तिने माझ्या टेबलावर ठेवले. फ्रॉकचा घेर काचेवर सपाट पसरला. रक्त नव्हते, वेदनाही दिसत नव्हती. मुलगी पेपरवेट फिरवू लागली.

"पाय वाकडे व्हते सायेब, पन व्हते," बुधीबाई म्हणाली. "बाटली घेऊन तुमीच आलता आमच्या हिरीवर. आता चपलांचा खर्च वाचला म्हना."

मी चौकशीचे आश्वासन दिले.

"तुमी परत कधी बोलनार?" मुलीने विचारले.

"शुक्रवारी."

तिने पेपरवेट थांबवला.

शुक्रवारचा प्रश्न विरोधी बाकांवरील सुलभाताई घारे यांचा होता : हिरडपाड्यातील मुले अर्धी झाली आहेत, हे खरे आहे काय? मुख्यमंत्र्यांनी मंजूर केलेले उत्तर तीन शब्दांचे होते.

एका निरीक्षणावरून नियम सिद्ध होत नाही, असे मी स्वतःला बजावले. उलट उदाहरणही हाताशी होते. मागच्या अधिवेशनात मी आजारी असताना मत्स्यव्यवसाय मंत्री गजाननराव सोपारकर यांनी माझ्या वतीने खडकओहोळ गावाबद्दल हेच "अंशतः खरे आहे" वाचले होते. गुरुवारी मी खडकओहोळला जाऊन आलो. तिथली मुले वाकड्या पायांनी लंगडी खेळत होती. तेव्हा दोष वाक्यात नव्हता. मला झोप लागली.

शुक्रवारी बुधीबाई प्रेक्षक सज्जात बसली होती. मुलीने कठड्यावर हनुवटी टेकली होती.

मी कागदाकडे पाहत उभा राहिलो.

"हे खरे नाही."

आमच्या बाजूची बाके वाजली.

"असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?" सुलभाताईंनी पुढचा भाग विचारला.

"प्रश्न उद्भवत नाही."

मग मी वर पाहिले. बुधीबाईचे हात मूल धरल्यासारखेच वळलेले होते. त्यांवर रिकामा फ्रॉक लोंबत होता. ती त्याला पडू देत नव्हती.

मी बसलो. सोपारकरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"छान, सर. पण हा हिरडपाडा येतो कुठे हो?"

"तुम्ही खडकओहोळचे उत्तर दिले होते ना? तेव्हा काय वाटले होते?"

"खडकओहोळ?" ते हसले. "मी कुठे वाचत बसतो हो? अधिकारी लिहून देतात, आपण म्हणायचे. काय, नदी आहे का ती?"

कारण सापडले. सभागृह तेच होते, सरकार तेच होते. सोपारकरांना काहीच ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते.