तपासणीला जायची गाडी

प्रेरणा कारखाने तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात निरीक्षक होती. कार्यालयाची जीप अकरा महिने उभी होती; टायरांसाठी निधी आला नव्हता. निरीक्षकांच्या चार जागांपैकी तीन रिकाम्या. त्यामुळे तपासणीच्या आदल्या दिवशी कारखान्यालाच फोन करायचा आणि नसरापूर फाट्यावर त्यांची गाडी मागवायची, असा रिवाज पडला होता.

वरव्याजवळच्या कारखान्यातल्या मंगलचा अर्ज आला. पत्रा दाबायच्या प्रेसची संरक्षक जाळी काढून टाकली आहे, जाळीने काम हळू होतं म्हणून. त्यावर बसणाऱ्या चंद्राबाईंची दोन बोटं गेली. माझं नाव कळू देऊ नका.

प्रेरणाने नाव कुणाला सांगितलं नाही. गाडीसाठी फोन मात्र सवयीने केला.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात पोहोचली तेव्हा प्रेसवर ताडपत्री होती. "दोन महिने बंद आहे, मॅडम," मॅनेजर मानसिंग म्हणाला.

तिने मोटारीवर तळहात ठेवला. गरम. शेजारच्या बंद मशीनची मोटार गार होती.

"ही आत्ता चालत होती."

"पत्र्याच्या छताखाली सगळंच तापतं."

"मग शेजारची का नाही तापली?"

तो हसला. "तापमान मोजायचं यंत्र आणलंय का?"

यंत्र दुरुस्तीच्या मंजुरीत अडकलं होतं.

"मग काय, हाताचा रिपोर्ट लिहिणार?"

चालू करून दाखवा म्हटलं, तर वायर काढलेली आणि इलेक्ट्रिशियन भोरला गेलेला. तिने लिहिलं: 'मशीन बंद आढळले. मोटार स्पर्शास उष्ण.' दुसरं वाक्य कोर्टात टिकणार नाही हे तिला ठाऊक होतं.

बाहेर नळावर मंगल हात धूत होती. मान वर न करता म्हणाली, "गाडी ह्यांचीच मागवली व्हय?"

"आमच्याकडे गाडी नाही."

"एष्टीनं यायचं की. आमी मार्गासनीवरनं रोज येतो. तुमी फाट्यावर गाडीत बसला आन् हितं ताडपत्री पडली."

"तुमचं नाव मी सांगितलं नाही."

"नाव कशाला लागतंय? चंद्राबाईला दवाखान्यात म्याच नेलं हुतं. आता तिच्या जागी मला बसवत्यात. न्हाई म्हणलं तर घरी."

"मी इथेच थांबते."

"तुमी हाय तवर न्हाई चालवणार त्ये. किती दिस थांबणार?"

प्रेरणाकडे तीनशे बारा कारखाने होते.

"मंगल!" आतून मानसिंगची हाक आली.

मंगलने पदराला हात पुसले, एकेक बोट वेगळं, आणि आत गेली.