पाण्याचं मौन

जिन्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. अख्खी इमारत तिसऱ्या मजल्यावर लोटली होती, आणि झाडून सगळी बिनआंघोळीची. पाणीबाबांचा हुकूमच तसा होता. पहाटेपासून इमारतीत कुणी पाण्याचा थेंब सांडायचा नाही. आंघोळ नाही, धुणं नाही, भांडी नाहीत. याला म्हणायचं पाण्याचं मौन.

शिलाईवालीच्या एकुलत्या एका खोलीत बाबा ओल्या भिंतीला तळवा टेकून उभे होते. पांढराशुभ्र अंगरखा आणि स्वच्छ कापलेली नखं. त्या हातांनी जन्मात कधी पाना धरला नसावा.

"हे जलबाळा, तू वाट चुकलास!" बाबा खर्जात म्हणाले. "माघारी फीर!"

तासाभरात जलबाळ माघारी फिरलं. शेवटचा थेंब खालच्या बादलीत पडला आणि पुढचा आलाच नाही. जिन्यात टाळ्या पडल्या. इमारतीच्या सेक्रेटरींनी तर डोळे पुसले.

शिलाईवालीनंही हात जोडले. तिला चमत्कारापेक्षा कोरडी भिंत हवी होती. त्या भिंतीलगत तिच्या सासऱ्यांची खाट होती आणि सासऱ्यांना दमा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, महिन्याभरात ओल गेली नाही तर यांना इथे ठेवू नका. दुसरी जागा म्हणजे दूरगावी राहणाऱ्या नणंदेचं घर, आणि मामंजी म्हणत होते, "तिकडे गेलो की मी परत येत नाही बघ."

तसा बाबांच्या आधी एक प्लंबर येऊन गेला होता. वय झालेला, एका कानानं कमी ऐकणारा. आल्याबरोबर त्यानं प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. ठिबकतं कधी? सकाळी की दिवसभर? वरच्यांची मोरी कुठे?

"काका, भिंत फोडायची की नाही तेवढं सांगा ना," ती वैतागून म्हणाली होती.

"आत्ता कसं सांगू? दोन दिवस ठिबकण्याच्या वेळा लिहून ठेवा, मग येतो."

सेक्रेटरी फिसकन हसले. "तीस वर्षं नळ पिळतोय आणि अजून विचारतोच आहे! अहो, ज्याला येतं तो विचारत नाही."

तिला ते पटलं, हेच वाईट. तिनं काकांना वाटेला लावलं आणि सेक्रेटरींनी पाणीबाबा आणले. बाबांनी काहीएक विचारलं नाही. सगळ्यांची खात्री पटली ती तिथेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत पुन्हा ठिबकू लागली.

"कुणीतरी मौन मोडलं," बाबांनी निरोप धाडला. "वर मनात मळ असलेली बाई राहते. अकरा बैठका लागतील." वरच्या मजल्यावरची काकू बिचारी रडून रडून अर्धी झाली. इकडे मामंजींना बसल्या जागी धाप लागू लागली.

त्याच धापेत त्यांनी सुनेला विचारलं, "सूनबाई, कपडा शिवायला घेताना तू गिऱ्हाइकाला किती विचारतेस गं? बाही कुठवर, गळा केवढा... तुला येत नाही म्हणून विचारतेस का?"

शिलाईवालीच्या हातातली सुई थांबली. तिला स्वतःची मनस्वी लाज वाटली. दोन दिवस तिनं मुकाट्यानं वेळा लिहिल्या आणि तिसऱ्या दिवशी ती काकांच्या दारात उभी राहिली. "चुकले, काका."

काकांनी ते एक तर ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं. "ठिबकतं कधी?"

"सकाळी आठला जोर धरतं. मग कमी होत जातं, पहाटे एखादाच थेंब उरतो."

"मग नळाचा पाइप नव्हे. तो दिवसरात्र सारखाच गळला असता. वर आंघोळी कधी उरकतात?"

"पावणेआठला."

"आणि बाबा आले त्या दिवशी?"

"त्या दिवशी तर वर आंघोळच..." म्हणता म्हणता तिनं कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या बैठकीला पुन्हा तोच जिना, तीच पारोशी गर्दी. बाबांनी डोळे मिटले, तळवा टेकला, जलबाळाला हाका सुरू झाल्या. वर मात्र प्लंबरकाका आणि वरच्या मजल्यावरची ती काकू मोरीत दोन बादल्या पाणी ओतत होते. त्यात कपड्यांची नीळ मुठीनं कालवलेली होती.

पंधरा मिनिटं झाली. बाबांच्या बोटांच्या फटींतून निळा ओघळ निघाला, मनगटावरून वळला आणि पांढऱ्याशुभ्र बाहीत शिरला. बाबांचे डोळे मिटलेलेच.

"माघारी फीर, जलबाळा!"

"अहो बाबा, तो तुमच्या बगलेत चाललाय," मामंजी खाटेवरून म्हणाले.

बाबांनी डोळे उघडले. "हा... हा पाण्याचा क्रोध!"

"क्रोध नाही, नीळ आहे," जिना उतरत काका म्हणाले. "वरच्या मोरीच्या जाळीखाली सांधा सुटलाय. आंघोळ केली की पाणी भिंतीत उतरतं. आंघोळच केली नाही, तर उतरणार काय?"

बाबांनी हात धुवायला पाणी मागितलं.

"मिळणार नाही," काकू म्हणाली. "मौन आहे."

काकांनी वरच्या मोरीतल्या चार फरश्या काढून दीड दिवसात सांधा बसवला. भिंत सुकायला तीन आठवडे लागले. मामंजींची खाट जागची हलली नाही.

सेक्रेटरी अजून म्हणतात, बाबांकडे काहीतरी होतं खरं. होतं ना! शंभर शहाण्यांना पारोसं उभं करण्याची हातोटी होती. पाणी बंद ठेवलं की गळती थांबते, हे कळायला विद्या लागत नाही, फक्त टाळी वाजवण्याआधी क्षणभर थांबावं लागतं. तीस वर्षांत माणूस शंभर भिंतींनी फसतो, म्हणून एकशे एकाव्या भिंतीपाशी आधी प्रश्न विचारतो. त्याला अडाणी म्हणून दारातून परत पाठवू नका. घरात घ्या.

महिन्यानं काका न बोलावता आले. भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "आता कधी ठिबकतं का?"

पाणीबाबा आले आणि गेले, पण हे मात्र त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.