वीस ग्रेन आणि बारीक रवा

आमच्या शूटिंग क्लबात नवीन येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो. रिव्हॉल्व्हरमध्ये मावेल तेवढी बंदुकीच्या दारूची पावडर ठासतो. मग मोठा आवाज, मोठा धूर, आणि समोरच्या कागदावर गोळ्या कुठे कुठे गेल्या ते शोधायला दुर्बीण. शेजारच्या टेबलावर मी असते. नीलांबरी, वय सत्तावन्न, राहणार मॉरिसव्हिल. माझा बार त्याच्या निम्म्या आवाजात उडतो आणि माझी सगळी भोकं एका बशीखाली झाकली जातात. हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

आमची रिव्हॉल्व्हरं जुन्या पद्धतीची असतात. त्यांना काडतूस नसतं. चक्रात सहा घरं असतात. प्रत्येक घरात आधी काळी पावडर मोजून ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची, ती दांड्याने दाबून बसवायची, तोंडाला वंगण लावायचं, आणि सगळ्यात शेवटी मागच्या बाजूला एकेक टिकली चढवायची. दिवाळीत आपण पिस्तुलात घालून वाजवायचो, तिचीच ही तांब्याची थोरली बहीण. पावडर किती घालायची हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि सगळी गंमत त्या ठरवण्यातच आहे.

मीही पूर्वी अठ्ठावीस ग्रेन, म्हणजे दोन ग्रॅमला जरा कमी, भरायची. या वर्षी जानेवारीत घरासमोरच्या बर्फावरून घसरले, उजवं मनगट मोडलं, आत प्लेट बसली. मे महिन्यात डॉक्टरांनी परवानगी दिली ती एकाच अटीवर, हाताला मोठा झटका बसता कामा नये. मी खाली यायला लागले. पंचवीस, बावीस, वीस. वीसवर झटका नावापुरता राहिला आणि नेम आधीपेक्षा सुधारला. फक्त एक अडचण होती. पावडर कमी झाली की घरात वर जागा उरते, आणि पावडर आणि गोळी यांच्यात पोकळी ठेवणं धोक्याचं असतं. म्हणून मध्ये भर घालतात. इथले लोक नाश्त्याच्या गव्हाच्या खिरीचं पाकीट वापरतात. मी ते पहिल्यांदा उघडून बघितलं तेव्हा हसू आवरेना. तो आपला बारीक रवा होता.

मग कशाला ते महागडं पाकीट? मी इंडियन स्टोअरमधून रव्याची पिशवी आणली, गॅरेजमधल्या डब्यात ओतली आणि तिथून बाटलीत भरून न्यायला लागले. माझा सगळा पगारच मुळी भर घालण्याचा आहे. मी औषधाच्या कंपनीत फॉर्म्युलेशन करते. डोकेदुखीवर आपण जे गिळतो त्यात औषध चिमूटभर असतं, बाकी सगळी भर. नव्याने आलेल्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगते, औषधावर जेवढं लक्ष ठेवता तेवढंच भरीवर ठेवा. मे, जून, जुलै, वीस ग्रेन आणि वर बारीक रवा. माझं अगदी छान चाललं होतं.

दर वर्षी ऑक्टोबरात राज्याचा सामना असतो आणि क्लबाची तिघांची टीम जाते. वॉल्टर आमचा कॅप्टन. सत्तरीचा आहे, शाळेत बँड शिकवायचा, आता ऐकायला कमी येतं पण खाण्यापिण्याचा भारी शौकीन. दुसरी जागा त्याच्या बायकोची. तिसरी गेली काही वर्षं माझी होती. तिच्यावर या वर्षी देवांगचा डोळा होता. देवांग फ्रिस्कोहून बदली होऊन आमच्या शेजारच्या कॅरीला आलेला पस्तिशीचा आयटीवाला. पहिल्या दिवशी त्याने बार गळ्यापर्यंत भरला तेव्हा मी म्हटलं, "अरे, पातेलं मोठं आहे म्हणून पातेलंभर भात लावतोस का?"

"काकू, आवाज नको का थोडा? नाहीतर घरी बसून व्हिडिओ गेमच खेळला असता ना."

मला तो आवडला, पण त्याची धास्ती वाटली नाही.

घरी त्याच सुमारास वेगळंच नाटक चालू होतं. जूनमध्ये माझ्या नवऱ्याच्या, रवींद्रच्या कंपनीने त्याच्या अख्ख्या टीमला नारळ दिला. एकोणसाठाव्या वर्षी नवी नोकरी शोधणं म्हणजे दिवसातून दोनदा ईमेल बघणं. उरलेल्या वेळात त्याने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. डबे धुतले, लेबलं लावली, मसाले इकडचे तिकडे केले. मला आयतं जेवायला मिळत होतं, मी कशाला तक्रार करू? सकाळचा चहा तेवढा मी सोडला नाही, कारण रवी चहाचा काढा करतो. माझ्या नेमबाजीशी त्याचा संबंध नव्हता. त्याला आवाज सहन होत नाही. जुलैत एकदा मी जेवताना म्हटलं, या दमट हवेत रवा ओलसर होतो, बाटलीतून नीट सुटत नाही. त्याने मान हलवली. मला वाटलं नेहमीसारखी हलवली असेल.

ऑगस्टमध्ये माझं बिघडलं.

पहिल्या दोन-तीन गोळ्या मधोमध लागायच्या. मग एक खाली, पुढची आणखी खाली, एखादी पुन्हा मध्ये, मग परत खाली. मी अठरा ग्रेन करून बघितले, बावीस करून बघितले. टिकल्या बदलल्या, शिशाच्या गोळ्या बदलल्या, वंगण बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे काही मला कोणी शिकवायला नको. काहीही बदललं तरी तेच. सुरुवात चांगली आणि मग घसरण. जितका वेळ बसून नेम मारावा तितकी घसरण जास्त. हात थकला की अगदी असंच दिसतं, आणि हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. वॉल्टर माझा कागद बघून पुढच्या टेबलाकडे जायचा. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"काकू, पावडर वाढवून बघा ना," देवांग म्हणाला.

"तू तुझं बघ," मी म्हटलं. जरा जास्तच जोरात म्हटलं.

आमची मुलगी इला डेन्व्हरला फिजिकल थेरपिस्ट आहे. तिला फोनवर सगळं सांगितलं. ती लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "आई, इट्स अ रिस्ट विथ अ प्लेट इन इट. इट्स ओके टु स्टॉप."

मला राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती. भीती वाटत असताना ती नाही म्हणण्यात अर्थ नाही. आयुष्यात कित्येकदा माझं डोकं चुकलं असेल, पण हात कधी चुकला नव्हता. प्रयोगशाळेत, शिवणाच्या मशीनवर, गाडीच्या स्टिअरिंगवर. तो आता उतरणीला लागला असेल तर मला ते शनिवारी शनिवारी सगळ्यांसमोर बघायचं नव्हतं. मी ठरवून टाकलं. टीमच्या निवडीत जागा गेली तर रिव्हॉल्व्हर विकायचं आणि क्लबाचं तोंड बघायचं नाही.

हे रवीला सांगितलं तेव्हा तो कणीक मळत होता. "तुझा हात ठीक आहे," तो म्हणाला.

"तुला त्यातलं काय कळतं?"

"नेमबाजीतलं काही कळत नाही. हात ठीक आहे."

दिवसभर घरी बसून माणूस असं काहीही बोलायला लागतो, असं मला वाटलं आणि मी विषय सोडून दिला.

निवडीच्या शनिवारी तो स्वतःहून गाडीत येऊन बसला. मांडीवर स्टीलचा डबा होता. क्लबाच्या लोकांसाठी शिरा केलाय म्हणाला, आणि खिशातून कानात घालायचे बोळे काढून दाखवले. मला नको होता तो तिथे. हरताना घरचं माणूस समोर नको असतं. पण चेहऱ्यावर इतका उत्साह होता की नाही म्हणवलं नाही.

निवड साधी होती. दहा-दहा गोळ्यांच्या दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. पहिल्या फेरीत देवांग माझ्याआधी उभा राहिला आणि मी चकित झाले. त्याच्या बाराचा आवाज लहान होता. धूरही बेताचा. दहाच्या दहा गोळ्या व्यवस्थित काळ्या वर्तुळात. मग मी उभी राहिले. तीन गोळ्या मधोमध, चौथी खाली, सहावी वर्तुळाच्या बाहेर, आणि शेवटच्या दोन कुठे गेल्या ते मी बघितलंच नाही. रिव्हॉल्व्हर रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि मनातल्या मनात त्याची किंमत करायला लागले.

मधल्या सुट्टीत रवीने डबा उघडला. वॉल्टरने कागदी बशीत शिरा घेतला, पण खाण्याआधी बशी नाकाशी धरली आणि तसाच थांबला. "हा वास मला माहीत आहे," तो म्हणाला. "नीला, गेला सगळा महिना तू बार उडवलास की मागून हाच वास येतो. मला वाटायचं तू डबा आणतेस आणि आम्हाला देत नाहीस."

कोविडनंतर माझं नाक अर्धंच परत आलंय. मला गंधकापलीकडे कसलाच वास येत नव्हता. मी पटकन माझी रव्याची बाटली उचलली. ती निमुळत्या तोंडाची आहे. रवा थेट घरात पडतो, हाताला कधी लागत नाही. आता मी तो तळहातावर घेतला आणि बोटाने चोळला. बोट तेलकट झालं. कागदी रुमालावर चिमूटभर ठेवून दाबला, तर रुमालावर डाग उमटला.

"रवी," मी म्हटलं, "गॅरेजमधल्या डब्यात रवा कोणी भरला?"

"मी. तूच म्हणालीस ना ओलसर होतो म्हणून." तो खूश होऊन सांगत होता. "मस्त मंद आचेवर भाजून ठेवला. अगदी चमचाभर तूप घातलं. आई तसाच ठेवायची, वर्षभर किडा लागत नाही."

सगळं एका क्षणात जुळलं. पहिले बार थंड चक्रात भरलेले, म्हणून ठीक. मग रिव्हॉल्व्हर तापायचं, तूप पातळ व्हायचं आणि पावडरीत उतरायचं. कुठल्या घरात जास्त, कुठल्या घरात कमी. पावडर मंदावली की गोळी खाली लागणारच. बाटली ठोकावी लागायची तेव्हा मी हवामानाला दोष देत होते. मी पावडर बदलली, टिकल्या बदलल्या, शिसं बदललं, सगळं जग बदललं, आणि ज्या भरीबद्दल रोज पोरांना व्याख्यान देते तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही.

रवीचा चेहरा हळूहळू उतरला. "मी काही घोटाळा केला का?"

"केलास," मी म्हटलं. "नंतर बोलू."

दुसरी फेरी सुरू व्हायला थोडाच वेळ होता. मी चक्र काढून पुसायला घेतलं. प्रत्येक घर कोरडं झाल्याशिवाय काही उपयोग नव्हता. आणि भर कुठून आणायची? वॉल्टरकडे ते खिरीचं पाकीट असायचं, पण तो या वर्षी पुठ्ठ्याच्या चकत्यांवर गेला होता आणि त्या माझ्या घरांच्या मापाच्या नव्हत्या.

तेवढ्यात माझ्या टेबलावर एक प्लॅस्टिकची बाटली येऊन पडली.

"हा कच्चा आहे, काकू," देवांग म्हणाला. "इंडियन स्टोअरचाच आहे. पिशवीतून डायरेक्ट बाटलीत."

"तुझ्याकडे रवा कसा?" मी विचारलं.

"ऑगस्टपासून तुमच्याच मापाने भरतोय. वीस ग्रेन आणि वर रवा. बोललो नाही, तुम्ही चिडवलं असतं."

"चिडवलं असतंच," मी म्हटलं. "देवांग, हा मी घेतला तर तुझी जागा जाईल. कळतंय ना?"

"जाईल की नाही ते बघू. पण काकू, तुपावर जिंकलो असं मी घरी काय तोंडाने सांगू?"

मी बाटली घेतली. त्याला खोटं खोटं नाही म्हणण्याइतकी मी सभ्य नाही.

दुसऱ्या फेरीत तो आधी उभा राहिला आणि पहिल्यापेक्षाही चांगला खेळला. मग मी. वीस ग्रेन, वर कोरडा रवा, गोळी दाबून पक्की. पहिल्या तीन मधोमध लागल्या. चौथीच्या वेळी हात वर गेला तो तसाच स्थिर राहिला. चौथी पहिल्या तिघींना चिकटून बसली. पाचवीही. सहावीनंतर मी नेहमीच्या वेगाने भरायला लागले. दहावी उडाल्यावर मला कागद जवळून बघण्याची गरज नव्हती. वॉल्टरने दुर्बिणीतून बघितलं, दुर्बीण देवांगच्या हातात दिली आणि माझ्याकडे बघून टोपीला हात लावला. देवांगपेक्षा चार गुण जास्त होते.

"पुढच्या वर्षी," देवांग म्हणाला.

"पुढच्या वर्षी नक्की," मी म्हटलं. "शनिवारी लवकर येत जा. तू गोळी दाबताना घाई करतोस, ते आधी सुधारू."

परतताना रवी गाडी चालवत होता. रिकामा डबा माझ्या मांडीवर होता.  हायवेला लागल्यावर तो म्हणाला, "म्हणजे महिनाभर तुला जो त्रास झाला तो माझ्यामुळे."

"शंभर टक्के तुझ्यामुळे."

"सॉरी."

"पण एक सांग," मी म्हटलं. "सगळ्यांना वाटत होतं हात गेला. वॉल्टरला, इलाला, मला सुद्धा. तू एकटाच म्हणत होतास ठीक आहे. तुला ना बंदुकीतलं कळतं ना मनगटातलं. मग कशावरून म्हणत होतास?"

त्याने सिग्नलला गाडी थांबवली. "तुझ्या चहावरून," तो म्हणाला. "मार्चमध्ये तू कप भरायचीस तेव्हा बशीत सांडायचा. तुला दिसू नये म्हणून मी बशी पुसून घ्यायचो. मेपासून एकदाही पुसावी लागली नाही."

 सगळा ऑगस्ट मी कागदावरची भोकं बघत होते, आणि हा समोर बसून रोज सकाळी माझी बशी बघत होता.