फुगडी घालणारी अक्षरं

मूल गावच्या बाजारात वीस वर्षं बोर्ड रंगवले, माझी ओळ कधी वाकडी गेली नाही. तरी मनकर्णाबाईंनी त्यांच्या भजीच्या दुकानाचा बोर्ड परत आणला.

प्रौढ शिक्षणाच्या वर्गात त्या नुकत्याच लिहायला शिकल्या होत्या. खडूनं स्वतःचं नाव लिहून म्हणाल्या, "हे माह्या हातचं आहे, भाऊ. असंच पायजे."

अक्षरं नुसती फुगडी घालत होती. मी चिडून तशीच उतरवली.

आठवड्यानं राइस मिलवाले सोमाजीभाऊ आले. "मले बी तशीच अक्षरं पायजे."

सकाळभर झटलो, पण माझं प्रत्येक अक्षर शिपायासारखं ताठ. शेवटी मनकर्णाबाईंना बोलावून ब्रशच त्यांच्या हाती दिला.

बोर्डाच्या कोपऱ्यात मी नेहमी 'गुलाब पेंटर' लिहितो. तिथंही त्यांनाच लिहायला लावलं: मनकर्णा पेंटर.